काकूचं नाव मी दिलंय

८ फेब्रुवारी

दादा,

‘तीर्थरूप’ लिहीत नाही. मी नवऱ्यापासून वेगळी झाले तेव्हा ‘या घराची पायरी चढू नकोस’ असं तू फोनवर सांगितलंस. तेव्हापासून तो शब्द पेनातून उतरत नाही.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र तू वाचतोस याची मला खात्री आहे. मागची पत्रं तूच परत पाठवलीस, शुद्धलेखनाच्या चुकांवर लाल शाईचे गोल काढून. शाळेतून निवृत्त झालास, हात काही निवृत्त झाला नाही. हेही तपास. समास भरपूर सोडलाय.

तर मुद्द्याचं. इतकी वर्षं तुझ्या घरातून मला कुणाचं ‘कशी आहेस’ आलं नाही आणि परवा तुझ्या चिरंजीवांचा निरोप येऊन थडकला. ‘आत्या, तिकडे नवा नियम आलाय म्हणे. बाबा विचारतायत, माझे कागद कधी पाठवू?’ आत्याची तब्येत, आत्याचं काम, आत्या जिवंत आहे का, याची चौकशी नाही. थेट कागद.

नियम आलाय, हे खरं. इथं कायमचा राहणारा माणूस आईवडील आणि मुलं सोडून आणखी एका नातलगाला बोलावून घेऊ शकतो. एकालाच, आणि जन्मात एकदाच. तू गृहीत धरलंस की ते एक नाव म्हणजे तुझा मुलगा. मीही काही वेळ तेच धरून चालले होते, इतकी आपल्या घराची सवय अंगात मुरली आहे. मग अर्ज समोर घेऊन बसले आणि नाव लिहिलं काकूचं.

हो, आपल्याच काकूचं. धाकट्या काकांच्या बायकोचं. काका लग्नानंतर दोन वर्षांत गेले, पाठोपाठ आपली आई गेली, आणि तेव्हापासून जी तुमच्या घरात सकाळी सगळ्यांच्या आधी उठते आणि सगळ्यांच्या नंतर जेवते, तिचं. आत्ता ती बहुतेक तुझा चहा गाळत असेल.

नाकाला मिरच्या झोंबल्या असतील. झोंबू देत.

धाकटी

२६ मार्च

दादा,

या वेळी लाल शाई नाही, चक्क उत्तर. तीन पानी. आपल्या नात्यात बरीच प्रगती झाली म्हणायची.

तुझे मुद्दे वाचले. काकूला भाषा येत नाही. काकूचं वय झालं. काकूला तिथं करमणार नाही. लोक म्हणतील, म्हातारपणी विधवा बाईला घराबाहेर काढली. आणि शेवटच्या पानाच्या तळाशी, जागा संपत आल्यामुळे बारीक अक्षरात, ‘शिवाय इथं घर कोण बघणार?’

तेवढं एकच वाक्य लिहिलं असतंस तरी चाललं असतं. टपालाचा खर्च वाचला असता.

मी काकूशी बोलले. तुझ्या दिवाणखान्यातल्या फोनवर नाही, तिथं तू शेजारी उभा असतोस. ती सामान आणायला जाते त्या दुकानदाराच्या फोनवर. मी विचारलं, “काकू, इकडे येशील?”

“किती दिवस?”

“कायमची.”

तिनं आधी दुकानदाराला एक किलो साखर मोजायला सांगितली. मग म्हणाली, “फॉर्म भरलास?”

“भरला.”

“मग आता कशाला विचारतेस? तुम्ही भावंडं सारखीच. त्यानं न विचारता ठेवून घेतली, तू न विचारता बोलावतेस.”

दादा, तोंडात मारल्यासारखं झालं मला. इतका वेळ मी स्वतःला मोठी शूर समजत होते. म्हटलं, “फाडून टाकू का?”

“फाडायचं काय त्यात? विचारायला शीक. मला विचार करू दे. आणि हा दुकानदार ऐकतोय, तेव्हा आता साखरेचं बोलते.” आणि खरोखर तिनं मला साखरेचा भाव सांगितला.

पुढच्या आठवड्यात तिनंच फोन करवला. म्हणाली, “यायचंय मला. एक अट आहे. तिथं मी स्वयंपाक करणार नाही. आल्यावर तोंड वाकडं करशील, तर आत्ताच सांग.” मी कबूल केलं.

तर काकूला यायचंय. आता अडचण अशी, की ती माझ्या रक्ताची नाही. इथल्या परवाना देणाऱ्या कार्यालयाचं म्हणणं, हिनं तुम्हाला खरंच वाढवलं हे दाखवा. कुणाचं आईवेगळं पोर सांभाळलं म्हणून आपल्याकडे दाखला देत नाहीत, हे त्यांना कोण सांगणार? त्यामुळे ते हे सगळं डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार मागतायत. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते आणि तू सतराचा. बाबा नाहीत. उरलास तू.

तुला काय मिळणार, हे तू विचारायच्या आत सांगते. इथं येऊन वर्षभर राहिलेल्या प्रत्येकाला स्वतःचं एक नाव देता येतं. काकूलाही येईल. पुढचा हिशोब तुला मांडता येतोच.

आणि नाही म्हणालास, तर माझं एक नाव कोरं राहील. तुझ्या मुलाचं मी लिहिणार नाही. धमकी समज हवं तर.

धाकटी

११ जून

दादा,

साक्ष द्यायला तयार झालास. आभार मानते. मनापासून मानते, टोमणा नाही. तुझ्याबरोबर वहिनीची आणि चिरंजीवांचीही साक्ष त्यांच्या तिकडच्या कचेरीत घेणार आहेत, एकाच घरातले म्हणून.

पण माझ्या कानावर काय आलंय? संध्याकाळी दिवाणखान्यातल्या खुर्च्या भिंतीला लावतोस. वहिनीला आणि मुलाला समोर उभं करतोस. स्वतः अधिकारी होतोस, प्रश्न विचारतोस, आणि उत्तर अडखळलं की पहिल्यापासून सुरुवात. अरे, हे शाळेचं स्नेहसंमेलन नाही! तुझ्या नाटकांत झाडाचं काम करणाऱ्या मुलालासुद्धा तू पाठांतर द्यायचास, ते मला आठवतंय. झाडाला बोलायचं काहीच नसायचं, तरी.

कुणालाही काही शिकवू नकोस. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी शाळा संपवत होते. तिनं पाहिलं तेवढं ती सांगेल. तुझा मुलगा तर तेव्हा जन्मालाही आला नव्हता, त्यानं ‘मला माहीत नाही’ म्हटलं तरी पुरे. माझं निवेदन मी लिहून दिलंय. त्यात काय आहे ते तुला सांगणार नाही, नाहीतर तेही पाठ करून घेशील. तुला जे आठवतं ते सांग. बस.

मी कुठं राहते, हे कार्यालयानं येऊन पाहिलं. तू कधी विचारलं नाहीस, तरी सांगते. दोन खोल्या. आतल्या खोलीत काकूचा पलंग मांडून ठेवलाय, खिडकीकडे डोकं करून. मी जिथं काम करते त्या दुकानात जुने सोफे आणि खुर्च्या नव्यानं मढवतात. तो पलंग आमच्या मालकीणबाईंनी मोडीत काढला होता. लाकूड उत्तम होतं. गादी मी भरली, कापड मी ताणलं. तपासायला आलेल्या बाई त्यावर बसून पाहत होत्या. उठवेना त्यांना.

तू म्हणाला होतास, नवरा सोडलेली बाई परदेशात रस्त्यावर येते. रस्त्यावरच आहे मी. दुकानाचं दार रस्त्यावर उघडतं.

धाकटी

२ सप्टेंबर

दादा,

घातलास घोळ. शेवटी घातलासच.

कार्यालयाचं पत्र समोर आहे. त्यांच्या सभ्य भाषेत लिहिलंय की तिन्ही साक्षीदारांची उत्तरं ‘शब्दशः एकसारखी’ आहेत आणि अर्जदार बाईंच्या निवेदनाशी जुळत नाहीत, सबब नात्याबद्दल शंका आहे.

तुमचं ते उत्तर त्यांनी जसंच्या तसं दिलंय. ‘काकूनं तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. कधी आवाज चढवला नाही, कधी बोट लावलं नाही. आईची उणीव तिला क्षणभरही भासू दिली नाही.’ हे तू म्हणालास. मग वहिनी म्हणाली. मग तुझा मुलगा म्हणाला, ज्याचा माझ्या लहानपणी पत्ता नव्हता! वहिनीकडून कळलं, की ‘उणीव’ या शब्दाला तिघांनीही रुमाल काढला. आणि मुलाच्या वेळी तो अर्ध्यावर अडखळला, तर पुढचं वाक्य दुभाष्यानंच पुरं केलं. त्यालाही तोवर पाठ झालं होतं.

आधी हसू आलं मला. नंतर दुकानाच्या मागच्या खोलीत फोमच्या ढिगावर बसून रडले. मालकीणबाई येऊन शेजारी बसल्या आणि काही न विचारता त्यांनी माझ्या हातातली खुर्ची पुरी केली.

आता ऐक, मी काय लिहिलं होतं ते. आई गेल्यावर मी तिची रजई सोडत नव्हते. काकू ती धुवायला ओढायला लागली, तर मी तिच्या हाताला कडकडून चावले. रक्त आलं. तिनं मला एक ठेवून दिली. दुसऱ्या दिवसापासून, मी आईला शोधायला रस्त्यावर पळते म्हणून, तिनं पदराचं टोक माझ्या कमरेला बांधलं. ती स्वयंपाक करायची आणि मी पदराला बांधलेली तिच्या मागे मागे. तिला डोळ्याचं पाणी पुसायलासुद्धा पदर मोकळा नसायचा. एकवीस वर्षांची होती ती, दादा. तुझ्याहून चारच वर्षांनी मोठी.

तू हे सगळं पाहिलंस. दारात उभा राहून पाहिलंस. मग बोलला का नाहीस? का ते मला माहीत आहे. चांगल्या घरात पोरीला पदराला बांधत नाहीत. चांगल्या घरातली काकू मारत नाही. सरकारच्या माणसापुढे घराची इस्त्री मोडायला नको, म्हणून तू काकूला देवघरातली समई करून ठेवलीस. तिचे कष्ट मात्र गाळलेस.

आता शेवटची संधी. पुढच्या महिन्यात ते काकूला बोलावणार आहेत. एकटीला. तिनंही तुझं पाठांतर म्हटलं की फाइल बंद.

तिला एक शब्दही शिकवू नकोस. या घरासाठी तू काही म्हणजे काही करू नकोस, एवढं एक कर.

धाकटी

१५ ऑक्टोबर

दादा,

मंजूर झालं. तुलाही पत्र गेलं असेल, तरी माझ्या हातानं लिहायची हौस आहे. मंजूर.

तू शिकवायला बसलासच म्हणे. काकूनं सगळं ऐकून घेतलं, धुणं पिळता पिळता ‘हं, हं’ केलं. तुला वाटलं, पाठ झालं. त्या दिवशी तू तिच्याबरोबर जाणार होतास, वाटेत उजळणी घ्यायला. पण तू दाढी करत होतास तेवढ्यात वहिनी तिला घेऊन आधीच्या बसनं निघून गेली. माझ्या त्या वहिनीनं, जी तुझ्यापुढे मीठ कमी आहे असंसुद्धा म्हणत नाही!

आत काय झालं ते काकूनं सांगितलं. अधिकाऱ्यानं विचारलं, “तुम्ही हिला पोटच्या मुलीसारखं वाढवलंत का?”

“मला पोटची मुलगी नव्हती. तिला कसं वाढवतात, मला काय ठाऊक?”

“जीव होता का तिच्यावर?”

“आधी नव्हता. माझा नवरा जाऊन वर्ष झालं नव्हतं आणि वर हे रडकं पोर. नको झालं होतं मला.”

दुभाषा थबकला म्हणे. हे सांगू का, असं त्यानं काकूकडे पाहिलं. काकू म्हणाली, “सांग, सांग. खरंय ते.”

“मग जीव कधी लागला?”

“ते काय कळतं का साहेब? एक दिवस पदर सोडला तरी ती पळाली नाही. मागेच उभी राहिली. तेव्हा मीच घाबरले, आता ही माझीच झाली म्हणून.” आणि कुणी न विचारता तिनं बाही वर करून दाताची खूण दाखवली. अधिकारी उठून जवळ आला, चष्मा लावून त्यानं ती पाहिली आणि माझ्या निवेदनाचं पान पुन्हा वाचलं.

तिनं असं काही कधी माझ्यापाशी बोलून दाखवलं नव्हतं. त्यासाठी एका परक्या साहेबानं विचारायला लागलं. मीही तिला कधी सांगितलं नाही. आता ती येईल तेव्हा सांगीन.

वहिनीवर आवाज चढवलास, तर माझ्याशी गाठ आहे.

धाकटी

३० नोव्हेंबर, पुढचं वर्ष

दादा,

काकू येऊन दहा महिने झाले आणि आता तुझं पत्र. ‘काकूला परत पाठव. वहिनीचे गुडघे धरतात. कामाला बाई टिकत नाही. काकूला सांग, घर तिची वाट बघतंय.’

वाचून दाखवलं. काकू म्हणाली, “घराला म्हणावं, बघ वाट.”

तिचं कसं चाललंय ते सांगते. स्वयंपाक मी करते. ती नावं ठेवते. पहिला महिनाभर ती सकाळी उठून पलंगावर नुसती बसून राहायची, आता काय करायचं हे न कळून. मला भीती वाटली, तुझंच खरं होतंय की काय. मग एक दिवस माझ्यामागून दुकानात आली. जुन्या खुर्चीच्या पिना उपसायचं काम किचकट, कुणाला आवडत नाही. तिनं माझ्या हातातला चिमटा काढून घेतला आणि संध्याकाळपर्यंत चार खुर्च्या सोलून ठेवल्या. मालकीणबाईंनी पगार द्यायचं ठरवलं, तर म्हणाली, “घरच्या कामाचे कसले पैसे?” मी सांगितलं, “काकू, हे घर नाही.” तिनं आणखी एक पिन उपसली. मग म्हणाली, “बरंय की.”

आता दोघीजणी तासन्‌तास बोलतात. काकू आपल्या भाषेत, मालकीणबाई त्यांच्या. मी मध्ये तोंड घातलं की दोघींनाही राग येतो.

रात्री तिला झोप लागत नाही कधीकधी. तुमची आठवण काढते, तुझीसुद्धा. लहानपणी तू तिला वाचायला शिकवायचास म्हणे, पाठीवर पट्टी न मारता. हे मला माहीत नव्हतं. तुझ्याबद्दलचं एवढं चांगलं तू माझ्यापासून का लपवलंस?

परत पाठवणार नाही. पाठवणारी मी कोण? तिला यायचं असेल तेव्हा तिकीट काढायला तिला आता माझी गरज लागत नाही.

धाकटी

१८ मार्च

दादा,

काकूला वर्ष पुरं झालं. तिचं एक नाव देण्याचा हक्क तिला मिळाला. तुझं पत्र अगदी वेळेवर आलं, सोबत मुलाचे सगळे कागद, साक्षांकित करून, क्रमानं लावून. नियमाची आठवण मलाच तू करून दिलीस. ‘ठरल्याप्रमाणे’ असंही लिहिलंस. ठरलं काहीच नव्हतं. मी फक्त म्हटलं होतं, काकूला नाव देता येतं. कुणाचं, ते तिचं तिनं ठरवायचं.

मी कागद तिच्यापुढे ठेवले. तिनं फोटो पाहिला. म्हणाली, “गोड पोर आहे. पण याला पाय आहेत, शिक्षण आहे, बाप आहे. हा येईल त्याचा तो.” मग फोटो पालथा ठेवून, “मला त्या घरातलं आणखी एक माणूस आठवतंय.”

मी लगेच पेन उचललं. तिनं माझा हात धरला. “आधी विचारू दे.” आणि दुकानदाराला फोन लावला.

वहिनी सामान घ्यायला तिथंच आली होती. आता तीच येते ना सामानाला. काकूनं विचारलं, “सूनबाई, इकडे येतेस? इथं डॉक्टर गुडघ्याचं बघतात. स्वयंपाक ही करते. वाईट करते, पण करते.” वहिनी आधी हसली. मग म्हणाली, “मला आजवर असं कुणी विचारलं नाही हो.” आणि मग, दादा, तुझ्या घरातली ती न बोलणारी बाई स्वच्छ ‘हो’ म्हणाली.

अर्ज भरला. वहिनी काकूच्या रक्ताची नाही, पण एका घरात राहिल्याचा पुरावा फाइलमध्ये आधीच होता. वहिनीची सही तिनं परस्पर पाठवली. रागावून तिच्यावर हात उगारशील असा तू नाहीस, हे मला ठाऊक आहे. पण अबोला धरशील, आणि तुझा अबोला म्हणजे काय असतं ते मी भोगलंय. म्हणून ही बातमी तिच्या तोंडून न कळवता मीच तुला कळवते आहे.

आता शेवटचं, आणि हे नीट वाच, लाल शाई बाजूला ठेव. या अर्जात वहिनी मुख्य आहे. तिच्यावर अवलंबून असलेला नवरा म्हणून तुलाही बरोबर येता येतं. तुझं वय, तुझं निवृत्तिवेतन, तुझी मानपत्रं कुणी विचारत नाही. एकच प्रश्न आहे, आणि तो तिला आहे. ‘पतीला सोबत आणू इच्छिता का?’

वहिनीनं सगळा अर्ज पुरा केला. ती जागा तेवढी रिकामी आहे. मी फोन करून विचारलं, विसरलीस का? ती म्हणाली, “नाही हो ताई. बघते अजून.”

मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. आज संध्याकाळचा चहा तू कर.

धाकटी